दुष्काळ, प्रार्थना आणि देवळाची किल्ली

आपल्या चळवळीतल्या पोरांना इतिहास विचारा. महाडचं तळं १९२७, काळाराम १९३०, येवला १९३५, नागपूर १९५६. हे आकडे तोंडपाठ आहेत आणि असायलाच पाहिजेत. पण महाडच्या आधीची पन्नास वर्षं आपला माणूस काय करत होता, असं विचारलं की बैठकीत सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. कुणी जोतिबांचं नाव घेतो, कुणी गोपाळबाबा वलंगकरांचं, फार तर शिवराम जानबा कांबळ्यांचं. तिथं गाडी थांबते.

त्याच पन्नास वर्षांत नगर, नाशिक आणि मराठवाड्याच्या पट्ट्यात आपल्यातली हजारो महार-मांग माणसं ख्रिस्ती झाली. त्यांना आपण एका शब्दात निकालात काढतो. भाकरीचे ख्रिस्ती. पोटासाठी बाटलेले. दोस्तांनो, हा शब्द आपल्या वाड्यात जन्मला नाही. ज्यांच्या कणगीत धान्य होतं आणि तरी ज्यांनी महाराला दिलं नाही, त्यांनी तो पाडला. आपण तो उचलला आणि आपल्याच सोयऱ्यांवर फेकला.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेम खात्यात काम करतो, लासुर्ण्याचा आहे, इंदापूर तालुक्यातला. शाळा लवकर सुटली, पुढचं शिक्षण पाळी संपल्यावर वाचनालयात झालं. माझ्या आजीचं माहेर नगरकडचं. तिकडचे निम्मे सोयरे ख्रिस्ती आहेत. आम्ही जयभीम म्हणतो, ते सलाम म्हणतात. वाडा एक, आडनावं एक, पूर्वज एक. मग ही वाट फुटली कुठं, हे मला शोधायचं होतं. शोधता शोधता मी पोचलो अँग्लिकन चर्चच्या मुंबई धर्मप्रांताशी, म्हणजे इंग्रज सरकारच्या स्वतःच्या चर्चशी. वाईट काळात हे लोक काय प्रार्थना करत होते, कसे एकत्र राहत होते, आणि त्या सगळ्यावर ताबा कुणाचा होता, एवढंच या लेखात मांडतो.

सुरुवात माझ्या गावच्या शिवारापासून करतो. आमच्याकडं नीरा डावा कालवा आहे. आषाढात तुकोबांची पालखी सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे अशी इंदापूरकडं जाते तेव्हा दोन्ही बाजूंचा हिरवा ऊस बघून वारकरी खूष होतात. या हिरव्याचं मूळ काळं आहे. कालव्याचं काम सुरू झालं १८७६ च्या दुष्काळात, दुष्काळी काम म्हणून. पुणे, नगर, सोलापूर जिल्ह्यांत त्या साली पाऊस गेला. गावगाड्यात महाराचं पोट बलुत्यावर. कुणब्याच्या खळ्यात रास पडली तर महाराला त्यातली पाटी. रास नाही तर पाटी नाही. म्हणजे गावात पहिला उपाशी महार-मांग, आणि सरकारी कामावर खडी फोडायला पहिला हजरही तोच.

त्या कामावर मजुरी काय? सरकारनं सर रिचर्ड टेंपल नावाचा साहेब दुष्काळाचा खर्च आवरायला पाठवला. त्यानं हिशेब केला की दिवसभर राबणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी चिल्लर पुरे. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. १८७७ च्या सुरुवातीला ही कपात मुंबई इलाख्यात लागू झाली, आणि हजारो मजूर टिकाव-घमेली टाकून कामावरून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू कागदावर मांडली. आपण संपाचा इतिहास मुंबईच्या गिरण्यांपासून मोजतो. मी म्हणतो, दुष्काळी कामावरच्या उपाशी माणसांचा हा संपही त्यात मोजा. त्यात आपला माणूस होता. पुढं हाच टेंपल १८७७ मध्येच मुंबईचा गव्हर्नर झाला.

या काळात मिशनवाले काय करत होते ते आता बघू. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होतं. ते अँग्लिकन नव्हतं. अँग्लिकनांचा मुंबईचा बिशप १८३७ पासून. आधी हे चर्च गोऱ्या शिपायांचं आणि साहेबांचं. त्याच्या चॅपलेनांचा पगार सरकारी तिजोरीतून निघायचा. त्यांच्या दोन मोठ्या संस्था इथं कामाला. एक सीएमएस, तिचं नाशिकला काम. तिनं नाशिकजवळ शरणपूर नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी पोरं तिथं सुतारकी-लोहारकी शिकली. दुसरी एसपीजी, १७०१ साली लंडनमध्ये स्थापन झालेली. ती १८७० नंतरच्या दशकात नगरला उतरली. लगेच दुष्काळ आला, आणि महारवाडेच्या महारवाडे बाप्तिस्मा मागायला आले.

आता भाकरीचा मुद्दा. भाकर होती का? होती. ती नाकारण्यात काय हशील? पण दुष्काळ सरल्यावर भाकर बंद झाली, तरी पुष्कळजण राहिले. ते का राहिले, हा खरा इतिहासाचा प्रश्न. मला सापडलेली उत्तरं साधी आहेत. एक, शाळा. दोन, मामलेदारासमोर, पाटलासमोर आपल्या बाजूनं बोलणारा कुणीतरी. तीन, वही.

वहीचं महत्त्व नीट ध्यानात घ्या. अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंदवही असते. तारीख, नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, विधी कुणी केला. प्रत्येकाला स्वतंत्र ओळ. गावाच्या दप्तरात महार होता तो वतनदार म्हणून, राबणूक लिहायला. पाटलाच्या तोंडी त्याचं नाव निम्मं कापलेलं असायचं, त्याच्या बायकोचं तर नसायचंच. इथं पोरीचा जन्मसुद्धा शाईनं लिहिला जातोय, आणि तिच्या आईचं नाव बापाच्या शेजारी. ज्याची पिढ्यान् पिढ्या कुठं नोंद नाही त्याला ही एक ओळ किती मोठी, ते आपल्याला कळायला पाहिजे. जातीच्या दाखल्यासाठी आज्याची नोंद शोधत तहसीलला खेटे घातलेत, त्याला हे सांगावं लागत नाही.

चौथी गोष्ट, जमणं. आठवड्यातून एक दिवस, ठरल्या वेळेला, घंटा वाजली की सगळ्या वाड्यानं एका छपराखाली बसायचं. बाया, बापे, पोरं. कुणाची वेठ नाही, कुणाचा जोहार नाही. गावच्या देवळाच्या पायरीलाही ज्याची सावली चालत नव्हती, तो आत बसून वाचतोय, गातोय, मोठ्यानं बोलतोय. प्रार्थना कोणत्या देवाची हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. मी बुद्धाचा माणूस आहे, मला आकाशातल्या बापाची गरज वाटत नाही. पण माणसं जमली, आणि जमून त्यांना आवाज आला, ही गोष्ट मी नाकारणार नाही.

आता बोलले काय, ते बघू. अँग्लिकन लोकांचं प्रार्थनेचं एकच पुस्तक ठरलेलं, १६६२ सालचं. त्याचं मराठी भाषांतर एकोणिसाव्या शतकातच झालं होतं. हे पुस्तक मी चाळलं तेव्हा दोन गोष्टींवर अडलो. त्यात संकटांच्या प्रार्थना आधीपासून छापून तयार आहेत. पाऊस पडावा म्हणून वेगळी, टंचाई आणि दुष्काळासाठी वेगळी, लढाई-दंग्यासाठी वेगळी, साथीच्या रोगासाठी वेगळी. जणू या पुस्तकाला ठाऊकच होतं की नगर जिल्ह्यात काय काय येणार आहे. पण दुष्काळाच्या प्रार्थनेचा अर्थ काय? अर्थ असा की ही टंचाई आम्ही आमच्याच पापामुळं भोगतोय आणि ते योग्यच आहे, आता देवा दया कर.

बघा म्हणजे! महारानं पाप केलं म्हणून दुष्काळ पडला. मग टेंपलचा एक पौंड कुठं गेला? सावकाराचं पेव कुठं गेलं? रेल्वेनं बाहेर गेलेलं धान्य कुठं गेलं? आपल्याला हे ओळखीचं वाटतं, कारण आपण याचा भाऊ हजार वर्षं ऐकलाय. मागच्या जन्मीचं पाप म्हणून या जन्मी महार. कर्माचा सिद्धांत नुसता कोट-पाटलून घालून आला. त्यात भर म्हणून त्याच पुस्तकात राजाराणीसाठी रोजची प्रार्थना. ज्या सरकारनं मजुरी कापली त्याच सरकारला उदंड आयुष्य मागायचं, आणि मागणार कोण, तर मजुरी कापलेला.

पण हेच पुस्तक पुढं वाचा. रोज संध्याकाळच्या उपासनेत एक गीत ठरलेलं आहे, येशूची आई मरिया हिच्या तोंडचं. ती खेड्यातली गरीब पोर. तिचं म्हणणं काय? बलवानांना गादीवरून खाली ओढलं, दीनांना वर उचललं, भुकेल्यांना भरपेट दिलं आणि धनवानांना रिकाम्या हातानं वाटेला लावलं. हे रोज संध्याकाळी! सकाळी राणीला आयुष्य मागायचं आणि दिवेलागणीला गाद्या उलथवायच्या. एकाच पुस्तकात दोन्ही. एक मालकाचं पान, एक भुकेल्याचं पान.

मला या साऱ्या इतिहासाचं सार इथं दिसतं. प्रश्न पुस्तकाचा कमी आणि पुस्तक हातात कुणाच्या आहे याचा जास्त. कोणतं पान उघडायचं हे ज्याच्याकडं देवळाची किल्ली तो ठरवतो. आणि किल्ली आपल्या माणसाकडं नव्हती. शिकवणारा, घरोघर फिरणारा, मेल्याला मूठमाती देणारा मास्तर महार. वर पाळक, त्याच्या वर मिशनरी, त्याच्या वर बिशप, आणि बिशप गोरा. शिवाय खालीही आपली किल्ली आपणच एकमेकांपासून लपवली. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एका छपराखाली गायले, पण सोयरीक करायची म्हटली की दोघांचेही पाय मागं. पाण्यानं डोकं भिजलं, जात कोरडी राहिली.

पुण्यात तर याचं नाटकच झालं. गुरुवार पेठेत पाच हौदांपाशी अँग्लिकन मिशन. त्यांचं पवित्र नाम देवालय १८८५ चं, त्याच्या उंच मनोऱ्यात पुढं विलायतेहून आणलेल्या आठ घंटा टांगल्या. मिशनरी साधूंचं लक्ष विद्वान ब्राह्मणाकडं. त्यांच्यातले फादर नेहेम्या गोरे हे मूळचे काशीचे नीलकंठशास्त्री. असा एक ब्राह्मण आला की त्याच्या कथा विलायतेपर्यंत जायच्या. १४ ऑक्टोबर १८९० ला याच पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावलेल्या पुण्याच्या प्रतिष्ठितांना चहा-बिस्किटं दिली. कुणी प्याले, कुणी नुसता पेला हातात धरला. त्यात न्यायमूर्ती रानडे, त्यात टिळक. नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि पुणं पेटलं. शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी बसली, १८९२ मध्ये रानड्यांसारख्या माणसानं प्रायश्चित्त घेतलं. एका कप चहाचा इतिहास शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचला. आणि दुष्काळात गावकी तोडून, बलुतं तोडून, उद्याच्या भाकरीवर पाणी सोडून ज्या बायाबापड्या मिशनच्या पंगतीला बसल्या, त्यांची नावं कुठं आहेत? बाप्तिस्म्याच्या वहीत. बाहेर कुठंच नाहीत.

किल्लीचा दुसरा दाखला पंडिता रमाबाईंचा. बाई जन्मानं ब्राह्मण, पण त्यांची लढाई आपण समजून घेतली पाहिजे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन सिस्टरांच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या सिस्टरांची शाखा पुण्यात होती. बाईंना तिकडं शिकवण्याचं काम मिळत होतं, त्यात पुरुष विद्यार्थी होते. लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांनी आडकाठी घातली, बाईनं पुरुषांना शिकवणं बरं नव्हे म्हणून. रमाबाईंनी सिस्टरांना पत्रांतून सरळ सुनावलं की एक भटशाही सोडून आले ती दुसऱ्या कुणाच्या हुकमात राहायला नाही, काय मानायचं ते माझी बुद्धी ठरवील. हा त्या पत्रांचा मतलब, शब्द माझे.

मग बाई इकडं आल्या आणि त्यांनी स्वतःची किल्ली केली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत, गुजरातेतून उपाशी पोरी आणल्या, आमच्या शेजारच्या दौंड तालुक्यात केडगावला मुक्ती सदन उभं केलं. सुमारे दोन हजार बायापोरी. शेत, विहिरी, विणकाम, छापखाना. पुण्यात त्याच वेळी प्लेग. १८९७ मध्ये रँडचे सोजीर घराघरांत घुसत होते. त्याच साथीत सावित्रीबाई मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि १० मार्च १८९७ ला प्लेगनंच वारल्या. त्या माउलीची प्रार्थना कोणत्या पुस्तकात छापलेली नव्हती. ती पाठीवर होती.

केडगावला १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज जमून प्रार्थना करायला बाया मागितल्या. आधी सत्तरेक आल्या, वाढत वाढत शेकडो झाल्या. जूनमध्ये तिथं मोठा जोर आला, पोरी रडत, ओरडत, रात्र रात्र प्रार्थना करत. शहाणे लोक याला उन्माद म्हणाले. मी म्हणतो, रस्त्यावर आईबाप मरताना पाहिलेल्या पोरींनी मोठ्यानं रडायचं कुठं? त्यांना रडायला जागा मिळाली. आणि ती जागा बिशपाची नव्हती. बाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घातली, अडाणी बाईलाही कळावं म्हणून, आणि छापलं ते मुक्तीतल्या बायांनीच. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या.

त्याच १९२२ साली नगरला अँग्लिकनांनी नवा डाव मांडला. जॅक विन्स्लो नावाचा एसपीजीचा मिशनरी. त्याला गोऱ्यांच्या साहेबी धर्माची लाज वाटू लागली होती. नारायण वामन टिळकांचा त्याच्यावर प्रभाव. त्यानं ख्रिस्त सेवा संघ काढला. गोरे आणि काळे एकत्र राहणार, खादी घालणार, जमिनीवर बसून जेवणार, भजन करणार. १९२८ च्या सुमारास संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला आला. त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडहून तरुणांची एक तुकडी आली होती, त्यात व्हेरिअर एल्विन. हे दिवस सत्याग्रहाचे. आश्रमातल्या लोकांची ओढ गांधींकडं. सरकारची त्यांच्यावर नजर. एल्विन आणि त्याचा मराठी सोबती शामराव हिवाळे १९३२ मध्ये मंडल्याकडं गोंडांत राहायला गेले. नागपूरच्या बिशपानं परवाना देताना सरकारशी एकनिष्ठ राहण्याची शपथ मागितली. एल्विननं घेतली नाही. परवाना मिळाला नाही. शेवटी १९३५ मध्ये त्यानं चर्चच सोडलं. पुन्हा तेच बघा. प्रार्थना करायची तर आधी राजाच्या नावानं शपथ घ्या.

या आश्रमवाल्यांना मी मान देतो. गोऱ्या कातडीनं भुईवर बसणं त्या काळी सोपं नव्हतं. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी भारतीय पद्धतीची उपासना शोधली. विन्स्लोनं १९२० मध्येच त्यावर पुस्तक लिहिलं होतं. भारतीय म्हणजे काय? तर आश्रम, भगवी वस्त्रं, मौन, संस्कृताच्या वळणाची भाषा. अहो, नगरच्या मंडळीत बसलेला महार-मांग भारतीय नव्हता का? त्याची डफली, त्याचा तुणतुण्यावरचा आवाज, त्याची ओवी, त्याची भाषा, हे काय होतं? ज्या संस्कृतानं त्याच्या कानात शिसं ओतायची भाषा केली, तीच त्याला देशी म्हणून परत वाढली. इंग्रजांच्या पंगतीतून उठवलं आणि ब्राह्मणाच्या पंगतीत शेवटी बसवलं. हा प्रश्न चर्चच्या आतून मोठ्यानं विचारला तो अरविंद निर्मळ यांनी. आपल्याच मराठी मातीतला दलित ख्रिस्ती माणूस. १९८१ मध्ये बंगलोरच्या धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात त्यांनी सांगितलं की भारतीय ख्रिस्ती धर्मविचार आजवर ब्राह्मणी वळणानं गेला, ज्यांच्या घामावर चर्च उभं आहे त्यांचं दुःख त्यात नाही. दलित ईशशास्त्राची सुरुवात तिथून धरतात.

बाबासाहेबांनी हे फार आधी हेरलं होतं. धर्मांतरित ख्रिस्त्यांवरचे त्यांचे लेख महाराष्ट्र सरकारनं १९८९ मध्ये पाचव्या खंडात छापले. जरूर वाचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की मिशनऱ्यांनी उच्चवर्णीयांच्या मागं लागून पुष्कळ वर्षं आणि पैसा घालवला, शाळा-कॉलेजांचा फायदा त्यांनीच उचलला. आणि अस्पृश्यांतून जे ख्रिस्ती झाले त्यांची जात चर्चमध्येही गेली नाही, अन्यायाविरुद्ध त्यांनी चळवळही उभारली नाही. ही टीका कडक आहे आणि खरी आहे. पण तिच्यातून भाकरीचे ख्रिस्ती ही शिवी निघत नाही. बाबासाहेबांचा राग गप्प बसण्यावर होता, भुकेवर नव्हता. आणि गप्प का बसले? मिशनचा पगार, मिशनची शाळा, मिशनची जमीन, मिशनची किल्ली. ज्याचं सगळं दुसऱ्याच्या हातात तो बोलणार कसा? पुण्यातच, येरवड्याच्या तुरुंगात, २४ सप्टेंबर १९३२ ला करार झाला तेव्हा बाबासाहेब आपल्या माणसांच्या मतासाठी झगडत होते. आपले ख्रिस्ती सोयरे त्या वेळी दुसऱ्या रांगेत उभे होते, कारण ते कागदावर दुसरे झाले होते.

तो कागद पुढं आणखी जाड झाला. १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश म्हणतो, अनुसूचित जात म्हणजे हिंदू. १९५६ मध्ये शिखांना त्यात घेतलं, आपल्याला, बौद्धांना, १९९० मध्ये. ख्रिस्ती अजून बाहेर. महाराष्ट्रात त्यांना इतर मागासवर्गात जागा आहे. २६ नोव्हेंबर २०२४ ला, संविधान दिनालाच, सुप्रीम कोर्टानं एका खटल्यात सांगितलं की ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि नोकरीसाठी हिंदू म्हणून अनुसूचित जातीचा दाखला मागायचा, हे चालणार नाही. कायद्याचा अर्थ कोर्टानं लावला. पण मी विचारतो, नगरच्या गावात दलितवस्तीवर दगड पडतात तेव्हा कोणता दगड आधी विचारतो, तू सलामवाला की जयभीमवाला? चौतीस वर्षं वाट बघून १९९० ला जे आपल्याला मिळालं, ते आपल्याच रक्ताला मिळू नये असं म्हणणारे आपल्यात आहेत. त्यांना माझा हा लेख आवडणार नाही.

किल्लीचं पुढं काय झालं तेही सांगतो. १९३० मध्ये इथलं अँग्लिकन चर्च विलायतेच्या चर्चपासून कायद्यानं वेगळं झालं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं. त्यात अँग्लिकन गेले आणि अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्याही गेल्या. म्हणजे ज्या दोन मिशनांनी एकाच जिल्ह्यातले महारवाडे वाटून घेतले होते, ती शंभर वर्षांनी एका छपराखाली आली. गोरे बिशप गेले, देशी आले. आमच्या बारामतीचं मिशन वेगळं, ऑस्ट्रेलियाच्या चर्चेस ऑफ क्राइस्टचं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेलं. पण बारामती असो की नगर, कथा एकच. बंगला, शाळा, दवाखाना, प्रार्थना, आणि वाड्यातली माणसं.

दोन वर्षांनी १९७२ चा दुष्काळ पडला. माझा आजा पाझरतलावाच्या कामावर दगड फोडत होता. सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढले. तो सांगायचा, कामावर जेवायच्या सुट्टीत आपली माणसं भीमगीतं म्हणायची आणि नगरकडचे ख्रिस्ती पाहुणे त्यांची भजनं म्हणायचे. चाली पुष्कळदा त्याच. टिकाव एक, भूक एक, चाल एक. वेगळे झाले ते फक्त शब्द.

आता तुम्हाला, कार्यकर्त्यांना, माझं सांगणं काय? ख्रिस्ती व्हा असं मुळीच नाही. आपण २२ प्रतिज्ञा घेतलेली माणसं. पण दुष्काळात, प्लेगात ते लोक टिकले ते संकट आल्यावर जमले म्हणून नाही. संकटाच्या आधीपासून दर आठवड्याला जमत होते म्हणून टिकले. आपला विहार कधी उघडतो? १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबर. बाकी दिवस कुलूप. २०२० मध्ये टाळेबंदी लागली, गिरण्या बंद पडल्या. पाळीवरची पोरं खोल्यांत उपाशी बसली. कोणत्या खोलीत कोण आहे, कुणाच्या घरात बाळंतीण आहे, कुणाला दम्याची गोळी लागते, याची यादी आपल्याकडं नव्हती. ती दोन दिवस फिरून करावी लागली. ज्यांच्याकडं दर आठवड्याची बैठक होती, त्यांच्याकडं यादी तयार होती.

म्हणून दर रविवारी वंदना झाली पाहिजे. ती पंधरा मिनिटांत संपली तरी चालेल, पण नंतर तासभर बसून कुणाचं काय अडलंय ते बोललं पाहिजे. एक वही पाहिजे. जन्म, मृत्यू, लग्न, कोण शिकतंय, कुणाची नोकरी गेली. आईचं नाव बापाच्या शेजारी. वंदनेची पाली सगळ्यांना कळत नाही, तर अर्थ आपल्या बोलीत सांगा, नाहीतर आपणही विन्स्लोच्या वाटेनं जाऊ. दुःखाला कारण असतं हे बुद्धानं शिकवलं. तेव्हा दुष्काळ आला की पापाची प्रार्थना करायची नाही, टेंपलचा पौंड शोधायचा. आणि वर्षातून एकदा तरी सलामवाल्या सोयऱ्यांना बोलवा, त्यांच्याकडं जा. १९५० च्या आदेशावर एकत्र बसून बोला.

शेवटचं म्हणजे किल्ली. विहार बांधायला आमदारनिधी आला की कोनशिलेवर आमदाराचं नाव येतं, आणि हळूहळू किल्लीही त्याच्या माणसाच्या खिशात जाते. निवडणुकीला तोच दार उघडतो. नगरच्या महारानं हे शंभर वर्षं भोगलंय. बिशप गोरा होता तेव्हा भोगलं, देशी आला तेव्हाही भोगलं. आपला तरी वेगळा इतिहास व्हायचा असेल तर किल्ली आळीपाळीनं घरोघर फिरू द्या. या रविवारी एका बाईकडं, पुढच्या रविवारी एखाद्या पाळीवरून आलेल्या पोराकडं. दार वेळेवर उघडलं पाहिजे, एवढीच अट.